पत्र्याच्या आतलं काम



मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, "अगं बाई, हे काय आता? हे आपलं काम आहे का?" विषय आहे कारखान्यातल्या तापलेल्या पाइपांना आवरण घालण्याचा. आमच्याकडची पोरं त्याला 'लॅगिंग' म्हणतात. तसं म्हटलं की मग मात्र माना हलतात, कारण दर चार-पाच घरांमागे कुणाचा ना कुणाचा मुलगा, दीर नाहीतर भाचा ह्या कामावर जातो.

आपला हा ऊसपट्टा. दिवाळीच्या मागेपुढे कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतं. मग कारखान्यात दुरुस्तीचे दिवस येतात. बॉयलर उघडतात, पाइप बदलतात, जुनं आवरण काढून नवं घालतात. त्या वेळी आपल्या पोरांना काम लागतं. कुणी इथल्याच साखर कारखान्यात आणि डिस्टिलरीत जातं, कुणी मुंबईला, कुणी गुजरातेत जामनगरला तेलाच्या रिफायनरीवर. चार-सहा महिन्यांनी पोरगं घरी येतं. आपल्याला दिसतात ते आणलेले पैसे, मनगटावरचा एखादा भाजल्याचा डाग आणि खाज सुटणारे कपडे. काम काय आहे ते कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

यंदा मात्र विचारावं लागलं, कारण आमच्या एका गटापुढे ह्याच कामासाठी कर्जाचा अर्ज आला. गटातल्या एका ताईंचा मुलगा आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लॅगिंग करतोय. आता त्याला स्वतःची चार-पाच पोरांची टोळी करायची होती. पत्रा कापायच्या कात्र्या, पत्र्याला कडा पाडायचं बीडिंगचं यंत्र, ड्रिल, रिव्हेट मारायची गन अशी यादी त्याने दिली होती. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी गोठ्यात दिसते. शिलाई मशीनला दिलं तर मशीन दिसतं. ह्या कामात दिसतं काय?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही त्या मुलाला आणि हे काम करून म्हातारे झालेल्या गावातल्याच एका मिस्त्रींना सांगितलं, की आधी काम आम्हाला दाखवा. त्यांनी दोन रविवार देवळाच्या ओसरीवर पाइपाचा तुकडा, आवरणाचे साचे आणि पत्रा मांडून सगळं करून दाखवलं. त्यातलं जे आम्हाला समजलं आणि नंतर वाचून पडताळून पाहता आलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे आवरण लागतं कशाला? ज्या कारखान्यात वीजही तयार होते, तिथे बॉयलरमधून निघणारी वाफ पाचशे अंशांच्या आसपास तापलेली असते. आपलं पाणी शंभर अंशांना उकळतं, त्यावरून अंदाज करा. रस आटवायला जी वाफ जाते ती इतकी तापलेली नसते, पण तीही सव्वाशे अंशांच्या पुढेच. ही वाफ पाइपातून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. पाइप उघडा ठेवला तर उष्णता वाटेतच उडून जाते.

मिस्त्रींनी एक हिशेब सांगितला, तो आम्ही एका इंजिनिअरकडून तपासून घेतला. चार इंची पाइप आहे, आत दोनशे अंशांची वाफ आहे आणि त्यातला फक्त एक मीटर उघडा राहिला आहे. तर तेवढ्या एका मीटरमधून साधारण हजार वॅट उष्णता वाया जाते. म्हणजे घरातली इस्त्री रात्रंदिवस चालू ठेवण्यासारखं झालं, आणि कपडा एकही नाही! त्याच मीटरवर पंचाहत्तर मिलिमीटर जाडीचं चांगलं आवरण नीट बसवलं, तर नुकसान साठ-सत्तर वॅटवर येतं. पूर्वी आपल्याकडे साठ वॅटचा पिवळा बल्ब असायचा ना, तेवढं. आता कारखान्यात असे किती मीटर पाइप असतील! जी उष्णता उडाली ती भरून काढायला तेवढं बगॅस जास्त जाळावं लागतं. बगॅस वाचलं तर त्यावर वीज होते, ती विकता येते. त्यामुळे लगेच उसाला भाव वाढून मिळेल असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्या कारखान्याला आपण ऊस घालतो, त्याच्या पैशाची गळती अशीही होते, हे आपल्याला ठाऊक असावं.

दुसरं कारण माणसाच्या अंगाशी येणारं आहे. आवरण असं घालायचं की वरच्या पत्र्याचं तापमान साठ अंशांच्या आत राहिलं पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. साठ अंशांच्या पत्र्याला चुकून हात लागला तर माणूस झटकन हात मागे घेतो आणि निभावतं. त्याहून जास्त तापलेला असेल तर कातडी भाजण्याचा धोका वाढतो. पाइपाजवळून रोज ये-जा करणारा ऑपरेटर, खाली झाडू मारणारी बाई, ह्यांचं संरक्षण त्या आवरणावर असतं.

आता आवरण कशाचं ते पाहू. भाकरी फडक्यात गुंडाळली की गरम राहते, कारण फडक्याच्या धाग्यांमध्ये हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. इथेही तत्त्व तेच. फक्त पाचशे अंशांना फडकं जळून जाईल, म्हणून दगड वितळवून काढलेली लोकर वापरतात. तिला रॉकवूल म्हणतात. ती गादीसारखी मऊही मिळते आणि पाइपाच्या मापाच्या कडक साच्यांतही मिळते. दुसरा प्रकार कॅल्शियम सिलिकेटचा. चुना आणि वाळूतली सिलिका ह्यांपासून तो बनतो. हातात घेतला तर खडूसारखा पांढरा आणि हलका, पण चांगला कडक. साडेसहाशे अंशांपर्यंत चालतो. ज्या पाइपावर माणसाचा पाय पडण्याची, शिडी टेकण्याची शक्यता असते तिथे मऊ गादी दबते आणि दबली की तिच्यातली हवा जाते. तिथे हा कडक साचा उपयोगी पडतो.

हे कडक साचे दिसतात कसे, तर आपल्या जुन्या घरांवरच्या नळीच्या कौलांसारखे. अर्धगोल. दोन साचे समोरासमोर धरले की मध्ये पाइप बरोबर बसतो. पाइप फार मोठा असेल तर दोनाऐवजी चार-सहा तुकडे जोडून गोल पुरा करतात. ऐकायला सोपं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं की वरून साचे लावले, तारेने बांधले, पत्रा मारला, झालं. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "बाई, पत्रा मारला की सगळ्यांचं काम सारखंच दिसतं. फरक आत असतो."

तो आतला फरक काय आहे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पाइपाची. वेल्डिंगचे सांधे तपासून झाल्याशिवाय, पाण्याचा दाब देऊन गळती पाहिल्याशिवाय त्यावर आवरण चढवायचं नाही. मग पाइप तारेच्या ब्रशने घासायचा. गंज, तेल, माती काढायची. रंग लावायचा ठरला असेल तर तो लावून वाळू द्यायचा. ओल्या पाइपावर आवरण चढवलं, तर ओल आतच कोंडली जाते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. साच्याला साचा अगदी खेटून बसला पाहिजे. फट राहिली तर उष्णता तिथूनच पळते. आवरण पंचाहत्तर मिलिमीटरपेक्षा जाड लागणार असेल, तर ते एका थरात न घालता दोन थरांत घालतात आणि वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाहीत. गवंडी विटा रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसंच. खालची फट वरच्या साच्याने झाकली जाते. पहिला थर तारेने किंवा पट्टीने बांधायचा, साधारण दर वितेवर एक बांध. मगच दुसरा थर. तारेची टोकं वळवून साच्यात दाबून टाकायची, नाहीतर ती पत्र्याला भोक पाडतात.

तिसरी गोष्ट ऐकून आम्हाला नवल वाटलं. पाइप तापला की लांबतो. दहा मीटरचा सरळ पाइप पाचशे अंशांपर्यंत तापला तर सुमारे सहा सेंटीमीटर लांबतो, म्हणजे जवळजवळ चार बोटं. पण वरचा कडक साचा त्याच्याबरोबर लांबत नाही, उलट उष्णतेने किंचित आकसतो. मग काय होणार? काही सांधे ओढले जाऊन उघडतात आणि आतला लाल तापलेला पाइप तिथे नुसत्या पत्र्यावर राहतो. म्हणून ठरावीक अंतरावर मुद्दाम बोटभर फट ठेवतात आणि तिच्यात मऊ लोकर ठासून भरतात. पाइप लांबला की लोकर सैल होते, थंड झाला की दबते. पातळ लुगड्याला निऱ्या असतात म्हणून चालता येतं, तशी ही आवरणाची निरी समजा. घाईत काम करणारा ही फट ठेवत नाही. पत्रा मारल्यावर ते कुणाला दिसतही नाही. हंगामात पाइप तापला की कळतं, तोवर टोळी दुसऱ्या कामावर गेलेली असते.

चौथी गोष्ट उभ्या पाइपाची. उभ्या पाइपावर साचे एकावर एक रचले तर सगळ्यांचं वजन सर्वांत खालच्यावर येतं. हळूहळू सगळे खाली सरकतात आणि वर मोकळी जागा पडते. म्हणून दर काही मीटरवर पाइपाला लोखंडी कडं बसवतात आणि त्या कड्यावर वरच्या साच्यांचं वजन पेलतात. आपण फडताळाला मध्ये फळ्या मारतो, तसं.

पाचवी गोष्ट वळणांची. पाइप जिथे वळतो तिथे सरळ साचा बसत नाही. मग सरळ साच्याच्या तिरक्या फोडी कापायच्या आणि एकेक जोडत वळण पुरं करायचं. कारागिराचा हात इथे कळतो. आळशी माणूस वळणावर लोकरीचे तुकडे कोंबतो आणि वर पत्रा मारतो.

सहावी गोष्ट व्हॉल्व्ह आणि फ्लँजची. पाइपाला पाइप जिथे बोल्टने जोडतात तो फ्लँज. तिथलं आवरण पुन्हापुन्हा काढावं लागतं, म्हणून तिथे खिट्टी असलेली पेटी करतात. काढायची, दुरुस्ती करायची, परत लावायची. फ्लँजच्या अलीकडे बोल्ट निघेल एवढी जागाही सोडावी लागते. पेटी केली नाही तर पहिल्याच दुरुस्तीला कुणीतरी आवरण हातोड्याने फोडतं आणि मग ती जागा कायमची उघडी राहते.

आणि शेवटी पत्रा. अॅल्युमिनियमचा नाहीतर जस्ताचा. आडव्या पाइपावर पत्र्याचा उभा सांधा वर येता कामा नये. घड्याळात चार किंवा आठ जिथे असतात तिथे, खालच्या बाजूला, तोंड खाली करून यायला हवा. उभ्या पाइपावर वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर साधारण पन्नास मिलिमीटर चढलेला हवा. आपण कौलं शाकारताना जे करतो तेच. पाणी वाहून जावं, आत शिरू नये.

पाण्याचं एवढं का, ते आता सांगतो, कारण आपल्याकडच्या कामात मोठी अडचण तिथेच आहे. दुरुस्तीचे दिवस म्हणजे पावसाळ्याचे दिवस. कॅल्शियम सिलिकेटचा साचा स्पंजासारखं पाणी पितो. आपल्याला घरातला अनुभव आहे, कोरड्या फडक्याने तवा उचलला तर हात सुरक्षित, पण ओल्या फडक्याने उचलला की लगेच चटका. भिजलेल्या आवरणाचं तसंच होतं. ते उष्णता अडवण्याऐवजी बाहेर पोचवतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या ओलीने आतला लोखंडी पाइप गंजतो. पन्नास ते पावणेदोनशे अंशांच्या दरम्यान चालणाऱ्या पाइपांना हा गंज जास्त लागतो, कारण पाणी पूर्ण उडून जात नाही आणि उष्णतेने गंजाला जोर येतो. आपल्या साखर कारखान्यातले पाइप तर चार-सहा महिने थंडच उभे असतात. वरून पत्रा चकचकीत आणि आत पाइप कागदासारखा पातळ झालेला, असं होऊ शकतं. मग एक दिवस वाफेचा पाइप फुटतो आणि समोर कुणाचा तरी मुलगा उभा असतो.

म्हणून पावसाळ्यातल्या कामाचा नियम असा, की साचे जमिनीपासून वर फळ्यांवर ठेवायचे, ताडपत्रीने झाकायचे. दिवसभरात जेवढा पाइप पत्र्याने बंद करता येईल तेवढ्यालाच आवरण चढवायचं. भिजलेला साचा बाजूला काढायचा, 'वाफ सोडली की वाळेल' म्हणून दडपायचा नाही. ह्या सगळ्या गोष्टी कुणा एकाच्या मनाच्या नाहीत. भारतीय मानक संस्थेने ह्या कामाची पद्धत लिहून ठेवलेली आहे, तिचा क्रमांक आयएस १४१६४. कॅल्शियम सिलिकेटच्या साच्यांसाठी आयएस ८१५४ आहे. टोळी करणाऱ्या पोराला हे दोन आकडे पाठ असावेत.

मग हे सगळे नियम असूनही काम कच्चं का होतं? त्याचं उत्तर त्या ताईंच्या मुलाने दिलं. बहुतेक ठिकाणी पैसे वरच्या पत्र्याचं माप घेऊन चौरस मीटरवर मिळतात. आत निरीची फट ठेवली काय आणि नाही ठेवली काय, बिल तेवढंच. उलट ती ठेवायला वेळ जातो. आम्ही बाया एकमेकींकडे पाहायला लागलो. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. वरचं कापड चांगलं लावून आत चिंध्या कशाही भरल्या तरी गोधडी विकली जाते, पण पहिल्या धुण्यातच आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. दुसऱ्या वर्षी त्या बाईकडे गोधडी टाकायला कुणी येत नाही. आम्ही त्या मुलाला सांगितलं, पत्रा मारण्याआधी प्रत्येक थराचे फोटो काढायचे, तारीख घालून ठेवायचे, कारखान्याच्या माणसाला दाखवून सही घ्यायची आणि मगच पत्रा. त्यामुळे आतलं काम कागदावर दिसतं. उद्या कुणी दोष दिला तर पोराच्या हातात पुरावा असतो आणि पुढचं काम मागताना दाखवायला काहीतरी असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, ते नीट ऐका. धूळ.

हे साचे कापताना धूळ उडते. पांढरी, पिठासारखी. रॉकवूलची लोकर असेल तर बारीक कुसं अंगात टोचतात, खाज सुटते, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. नव्या लोकरीबद्दल घाबरवायचं कारण नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली तपासून रॉकवूल आणि काचेची लोकर ह्यांना संशयित यादीतून बाहेर काढलं. तरी धूळ ती धूळच. मिस्त्री सांगतात, साचा हातकरवतीने कापावा, फिरत्या चकतीने कापू नये, कारण चकतीने धुळीचा ढग होतो. तोंडावर रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. परांचीवर चढताना सेफ्टी बेल्ट नुसता कमरेला घालून भागत नाही, तो वर अडकवलेला असला पाहिजे. आणखी एक गोष्ट पोरांना आधी सांगून ठेवावी. नव्या आवरणातून पहिल्यांदा वाफ सोडली की धूर निघतो आणि उग्र वास येतो. लोकर चिकटवायला वापरलेलं द्रव्य जळत असतं. त्या वेळी तिथे उभं राहू नये, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पण नवं घालण्याआधी जुनं काढावं लागतं, आणि खरा धोका त्यात आहे. जुन्या कारखान्यांत, जुन्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आपल्या गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यात असतं तेच, पण पाइपावरच्या जुन्या आवरणात ते भुसभुशीत असतं आणि हात लावताच त्याची धूळ होते. ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. करड्या-पांढऱ्या लेपासारखं किंवा जाड दोरीसारखं दिसलं तर संशय घ्यायचा. खात्री फक्त प्रयोगशाळेतच होते.

ह्या धुळीने काय होतं ते जगाला आवरण घालणाऱ्या कामगारांनीच शिकवलं, आपला जीव देऊन. अमेरिकेत न्यूयॉर्कचे डॉक्टर अर्व्हिंग सेलिकॉफ ह्यांनी १९६४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९४३ पूर्वी ह्या कामाला लागलेल्या ६३२ कामगारांचं पुढे काय झालं ते त्यांनी शोधलं. फुप्फुसाच्या आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू व्हावेत असा अंदाज होता, झाले ४५. हा आजार लगेच होत नाही. धूळ आत गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी उठतो. म्हणजे विशीतला पोरगा आज जे श्वासात घेतो त्याचा हिशेब नातवंडं झाल्यावर येतो.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, लंडनमधला अभ्यास आला. फुप्फुसाच्या आणि पोटाच्या आवरणाचा हाच कर्करोग झालेल्या माणसांत नऊ जण असे निघाले, की ते स्वतः ह्या कामावर कधीच गेले नव्हते. त्यांच्या घरातलं माणूस कामावर जात होतं. त्या नवांत सात बायका होत्या, आणि त्यांची कहाणी बहुतेक एकच होती. त्या नवऱ्याचे कामाचे कपडे धूत होत्या.

मैत्रिणींनो, ओसरीवर हे वाचून दाखवलं तेव्हा कुणी बराच वेळ बोललं नाही. आपल्यातली प्रत्येक बाई अंगणात उभी राहून कामाचा शर्ट आधी झटकते आणि मग भिजवते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं आहे, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावरच्या माणसाची आरोग्याची नोंद काम सुरू केल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यानंतर पंधरा वर्षं, ह्यांतलं जे नंतर येईल तोवर, मालकाने जपून ठेवली पाहिजे. चाळीस वर्षं कशाला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

गटाने त्या ताईंना कर्ज दिलं. पण बैठकीच्या वहीत अटी लिहिल्या आणि मुलाची सही घेतली. हत्यारांच्या यादीत मास्क, चष्मे, मोजे आणि सेफ्टी बेल्ट टोळीतल्या प्रत्येकासाठी धरले आणि त्यांचे पैसे कर्जातच दिले. जुनं आवरण कशाचं आहे ते कारखान्याने लेखी सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर ते काढणं ह्या टोळीचं काम नाही, त्यासाठी वेगळी शिकलेली माणसं आणि वेगळी साधनं लागतात, साधा मास्क तिथे पुरत नाही. त्याने कबूल केलं. दोन कामं हातची गेली तरी चालतील, असं त्याच्या आईनेच आधी म्हटलं.

आता राहिलं तुमच्या-आमच्या हातातलं. पोरगं कामावर निघालं की डबा भरताना चार प्रश्न विचारायचे. तिथलं जुनं आवरण कशाचं आहे? मास्क कोण देतं, ठेकेदार की तू विकत घेतोस? ईएसआयमध्ये आणि पीएफमध्ये तुझं नाव आहे का? आणि तिथे अंघोळ करून कपडे बदलायची सोय आहे का?

कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून यायला हवेत. झटकायचे नाहीत. कोरडे घासायचे नाहीत. आधी पाण्यात बुडवायचे, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे आणि नंतर बादली खळखळून घ्यायची. पोरगं आल्याबरोबर लहान लेकराला त्याच्या अंगावर देऊ नका, आधी अंघोळ. खाज येत असेल तर चोळायचं नाही, गार पाण्याने धुऊन काढायचं. आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय असेल तर ते कपडे घरात आणायचेच नाहीत. ते धुण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची. त्यासाठी भांडावं लागलं तर एकटीने भांडू नका, गटाला सांगा. पाच बाया बरोबर गेल्या की ठेकेदारही खुर्ची देतो.

पावसाळा तोंडावर आला आहे, दुरुस्तीची कामं सुरू होतील. तुमच्या गावातून कुणी ह्या कामावर जात असेल तर येत्या बैठकीत हा विषय घ्या. एखाद्या जुन्या मिस्त्रींना बोलवा, पाइपाचा तुकडा आणि दोन साचे मागवा आणि बघा. त्या मिस्त्रींना बोलायला आवडतं, त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

पुढच्या वेळी ईएसआयचं कार्ड कसं काढायचं आणि नोंद झाली की नाही ते कसं तपासायचं, ह्यावर बोलू. तोवर नमस्कार.